पहिल्या फेरीला वाढ नसते

"सर, ह्यात एन म्हंजी नक्की कोण?" द्वारकाबाईंनी विचारलं आणि मी हातातला खडू खाली ठेवला.

त्या दुपारी हा प्रश्न तिसऱ्यांदा आला होता. आमच्या ओसरीच्या भिंतीला मी शाळेतला जुना फळा टेकवून ठेवला होता. त्यावर सूत्र लिहिलेलं होतं. टीएन बरोबर ए अधिक, कंसात एन वजा एक, गुणिले डी. फळ्यासमोर चटईवर द्वारकाबाई वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अंगणवाडीतल्या खिचडीच्या हळदीचा डाग वहीच्या पानावर उमटला होता आणि त्या पदराच्या टोकाने तो पुसायला बघत होत्या.

"एन म्हणजे कितवं पद ते. दहावं पद पाहिजे असेल तर एन दहा."

"आन् डी?"

"डी म्हणजे दर वेळी जेवढं वाढतं ते."

"आन् मग एकाला वजा का करायचं? दहावं पायजे तर दहा घ्यायचं. नऊ कशाला?"

मी बावीस वर्षं कुरवडीच्या हायस्कुलात गणित शिकवत होतो. देवकर सरांच्या हाताखालून गेलेलं पोर गणितात नापास होत नाही, असं गावात म्हणायचे, आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. पण पंधरा वर्षांच्या पोरांना शिकवणं वेगळं आणि चाळिशीतल्या बाईला शिकवणं वेगळं. पोरं विचारत नाहीत. 'वजा एक' म्हटलं की वजा एक लिहून मोकळी होतात.

द्वारका काळेल गावच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. घरोघर जाऊन मुलं गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची, जागा सारवायची, हे त्यांचं काम. चौदा वर्षं झाली होती. शिकवायचं काम सेविकेचं, म्हणजे इंदुताईंचं. इंदुताई जूनअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी मदतनीसच दहावी पास असेल तर आधी तिला घ्यायचं, असं ठरलेलं होतं. नसेल तर बाहेरून. द्वारकाबाई आठवीतून सुटलेल्या. म्हणून त्यांनी शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचं ठरवलं, आणि गणितासाठी आमच्या ओसरीवर आल्या.

एका गावाला एकच अंगणवाडी. आत्ता संधी हुकली तर नवी तरणी बाई येणार आणि ती पुढची तीस वर्षं हलणार नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

"एवढं का जिवाला लावून घेता?" पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं. "मदतनीस काय वाईट आहे?"

"वाईट काय न्हाई," त्या म्हणाल्या. "पर पोरं म्या आणायची, म्या जेवू घालायची, त्यांची हागणीमुतणी म्या काढायची. आन् शिकवायची येळ आली की म्या चुलीपाशी. चौदा वर्सं ऐकतीया मी आतनं. सगळी गाणी पाठ हायेत. एकदा तरी पोरांच्या म्होरं बसून म्हनायचीत मला. मेल्यावर कुनी ऐकनार हाय व्हय?"

मी खडू घेतला.

इतिहास, मराठी त्यांनी पाठांतराने मारून नेलं. इंग्रजी आणि विज्ञान काठावर होतं, पण सवलतीच्या गुणांनी निघालं असतं. घोडं पेंड खात होतं ते गणितात. त्यातही या श्रेढीत, म्हणजे दर वेळी सारखंच वाढत जाणाऱ्या आकड्यांच्या रांगेत. त्या वर्षी श्रेढीवर दोन तरी प्रश्न हमखास येणार, असा माझा अंदाज होता, आणि तीन-तीन गुणांचे ते दोन प्रश्न त्यांच्यासाठी सोन्याच्या मोलाचे होते.

तर त्या दुपारी एकाला वजा का करायचं यावर आमची गाडी अडली होती. आतून आमची ही चहा घेऊन आली. नलिनीच्या दुसऱ्या हातात विणकाम होतं. तिला क्रोशाचं विणकाम द्वारकाबाईंनीच शिकवलेलं. गावात निम्म्या घरांच्या टीव्हीवर त्यांच्या हातचे गोल रुमाल होते.

"द्वारकाबाई, हे बघा हो जरा. मधे फुगा आलाय याला."

द्वारकाबाईंनी वही बाजूला ठेवली आणि रुमाल हातात घेतला. हातात घेताच त्यांचा चेहरा बदलला. मघापासून पाठीत वाकून बसलेली बाई सरळ झाली.

"वैनी, तुमची वाढ कमी पडली. दर फेरीला बारा खांब वाढायला पायजेत. तुम्ही धाच वाढवल्यात. कमी वाढवलं की त्याची वाटी हुती. जास्ती वाढवलं की झालर पडती. बारा म्हंजी बाराच, मग तो ताटावानी सपाट बसतो."

खांब म्हणजे क्रोशाचा उभा टाका, एवढं मला नलिनीमुळे माहीत होतं. मी चहाची बशी तशीच धरून बसलो. मग म्हणालो, "द्वारकाबाई, एक सांगा. समजा पहिल्या फेरीला सोळा खांब घातले. दर फेरीला बारा वाढवले. दहाव्या फेरीला किती खांब होतील?"

त्यांनी वर बघितलं, ओठ हलवले. बोटांची पेरंसुद्धा मोजली नाहीत.

"एकशे चोवीस."

"कसं काढलंत?"

"त्यात काय काढायचं? पयली फेरी सोळाची. पयल्या फेरीला वाढ नसती. मग ऱ्हायल्या नऊ फेऱ्या. बारा नव्वे एकशे आठ. आन् पयलं सोळा. झालं की एकशे चोवीस."

मी नलिनीकडे बघितलं. नलिनीने माझ्याकडे बघितलं.

"अहो, हेच ते सूत्र," मी म्हणालो. माझा आवाज नको इतका चढला. "ए म्हणजे सोळा. डी म्हणजे बारा. पहिल्या फेरीला वाढ नसते म्हणून एन वजा एक. तुम्हाला सूत्र येतं बाई. कधीपासून येतं."

द्वारकाबाईंनी फळ्याकडे बघितलं, मग रुमालाकडे. मग हसल्या. तोंडावर पदर घेऊन कितीतरी वेळ हसत राहिल्या. "मग सरळ असं सांगायचं न्हाई व्हय, सर? एन आन् डी कशाला मधी घातलेत?"

बावीस वर्षांत मला वर्गात इतका आनंद झाला नव्हता. ती दुपार आठवली की आजही बरं वाटतं, आणि लगेच वाटेनासं होतं.

कारण रुमाल हातात असला की त्यांना सगळं यायचं आणि कागद समोर आला की सगळं जायचं. अक्षरांची त्यांनी धास्तीच घेतली होती. ए च्या जागी डी जायचा, एन च्या जागी ए. कंस सुटायचा. फेब्रुवारी संपत आला तरी दहातली सहा गणितं अक्षरांपायी चुकायची. उत्तर विचारलं तर तोंडाने बरोबर, सूत्राने चूक. एकदा त्या वही मिटून रडायलाच लागल्या.

"माझ्याच्यानं न्हाई हुयाचं, सर. डोसक्यात बसतंय पर हातात उतरत न्हाई."

मला त्यांची दया आली आणि थोडा रागही आला. रागात आणि दयेत माणूस जे बोलतो ते बोललो.

"सूत्र नाही आठवलं तर घाबरायचं नाही. सूत्र सोडून द्या. पहिलं पद लिहा. वाढ मिळवा, दुसरं लिहा. परत मिळवा, तिसरं लिहा. एकोणिसावं पाहिजे तर एकोणीस पदं ओळीने मांडा. एकोणिसावं पद एकोणिसाव्या फेरीला सापडणारच, जातंय कुठं?"

"आन् तसं चालतंय?"

"न चालायला काय झालं? उत्तर बरोबर आलं तर कुणाचा बाप मार्क कापत नाही."

त्यांनी डोळे पुसले. "कुणाचा बाप मार्क कापत न्हाई," असं स्वतःशीच एकदा म्हणाल्या. त्या दिवसापासून सूत्राचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि मीही काढलं नाही. वेळ वाचला म्हणून मला बरंच वाटलं.

पेपर मार्चात झाला. संध्याकाळी चार वाजता द्वारकाबाई केंद्रावरून एस्टीने आल्या त्या घरी न जाता थेट आमच्या अंगणात. हातात प्रश्नपत्रिका, कपाळावरचं कुंकू घामाने पसरलेलं.

"सर, दोन्ही आली. श्रेढीची दोन्ही. पाच, अकरा, सतरा, तेवीस. एकोणिसावं पद. एकशे तेरा."

"बरोबर."

"दुसरं नाटकाच्या खुर्च्यांचं. पयल्या रांगंत वीस, म्होरं दोन-दोन वाढत्यात. पंधराव्या रांगंला किती. अट्टेचाळीस."

"बरोबर. सूत्र घातलं का?"

"एन दिसला की सगळं डोसक्यातनं उडालं बगा. मग तुमचं आठवलं. सगळी पदं मांडली ओळीनं. एक बी सोडलं न्हाई."

"झालं तर मग," मी म्हणालो. "सहाच्या सहा."

नलिनीने त्यांच्या हातावर साखर ठेवली. त्या पायरीवर बसल्या आणि प्रश्नपत्रिकेची घडी घालून ती चोळीत ठेवली. इतक्या निवांत बसलेल्या मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या.

तीन दिवसांनी मला जिल्ह्याच्या गावी जायचं होतं. मंडळाने त्या वर्षी मला नियामक नेमलं होतं. परीक्षक पेपर तपासतात आणि नियामक त्यांची तपासणी बरोबर आहे का ते बघतो. आमच्या तालुक्यातून असा मान मिळालेला मी पहिलाच. नलिनीने शर्टाला इस्त्री केली, मी नवी चप्पल घातली. पेपर तपासायला सुरुवात होण्याआधी उत्तरसूची, म्हणजे कशाला किती गुण द्यायचे ते, मंडळाच्या सगळ्या जिल्ह्यांसाठी ठरवायची बैठक होती. एक दिवसाचं काम. बैठक झाली, मी परत आलो, पुढचे दोन महिने गावोगावचे गठ्ठे तपासण्यात गेले. आमच्या भागाचे पेपर अर्थातच दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. इंग्रजी आणि विज्ञान सवलतीच्या गुणांनी निघालं. गणितात एकतीस. पस्तीस पाहिजे होते, आणि सवलतीचे गुण आधीच संपले होते.

द्वारकाबाई आल्या नाहीत. दोन दिवसांनी मीच गेलो. अंगणवाडीच्या मागे पातेलं घासत होत्या. आतून इंदुताईंचा आवाज येत होता, मुलं त्यांच्या मागे चिमणीचं गाणं म्हणत होती.

"तपासण्यात काहीतरी चुकलंय," मी म्हणालो. "तुमचे चाळीस तरी पडायला पाहिजेत. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवू आपण. मग फेरतपासणीचा अर्ज करू. चार गुणांचा तर प्रश्न आहे. इंदुताई तीस तारखेला सुटतायत, तोवर निकाल येईल."

"खरंच मिळत्यात असं मार्क?"

"हक्काचे असले तर मिळतात."

मी हे छातीवर हात ठेवून सांगितलं. मला त्या वेळी खरंच वाटत होतं.

झेरॉक्स आली ती पोस्टाने, वीस जूनला. द्वारकाबाईंनी पाकीट फोडलंच नव्हतं. तसंच घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिलं. नलिनी दळण निवडत होती, तीही सूप घेऊन जवळ सरकली.

मी एकेक पान उलटत गेलो. पहिल्या प्रश्नात दोन चुका होत्या, त्या होत्याच. आलेख बरा होता. समीकरणात चिन्ह चुकलेलं, तिथले गुण गेले ते रास्त होतं. मी मनातल्या मनात बेरीज करत होतो आणि बेरीज एकतीसच येत होती. मग श्रेढीचं पान आलं.

पाच, अकरा, सतरा, तेवीस, एकोणतीस. ठळक, एका रेषेत, एकेका आकड्याखाली क्रमांक घातलेला. एक, दोन, तीन. एकोणीस या क्रमांकावर एकशे तेरा, आणि त्याच्याभोवती चौकट. खाली त्यांनी एक ओळ लिहिली होती. 'पहिल्या पदाला वाढ नाही. म्हणून वाढ अठरा वेळा मिळवली.'

त्या ओळीवर लाल रेघ मारली होती. शेजारी लाल शाईत लिहिलं होतं, 'सूत्र नाही'. गुण, तीनपैकी एक. खुर्च्यांच्या गणितालाही तसंच. सूत्र नाही, तीनपैकी एक.

दोन गेले आणि दोन गेले. चार.

"काय झालं हो?" नलिनीने विचारलं. "तोंड का उतरलं?"

तिला तेव्हा सांगितलं नाही ते आता सांगतो.

त्या बैठकीत आम्ही चौदाजण होतो. बहुतेक शहरातल्या मोठ्या शाळांमधले. मुख्य नियामक साबळे सर म्हणून होते, भारी हुशार माणूस, आणि तोंडाचा फटकळ. सकाळी ओळख करून देताना मी कुरवडीचा म्हणालो, तर शेजारचे एकजण म्हणाले, "म्हणजे तिकडे अजून बोटांवर गणित चालत असेल." सगळे हसले. मीही हसलो. नवी चप्पल लागत होती आणि पायाला फोड आला होता, हे का आठवतं कळत नाही, पण आठवतं.

दुपारी श्रेढीचा प्रश्न आला. सूत्राला एक, किमती घालण्याला एक, उत्तराला एक, असं ठरलं. तेव्हा एका बाईंनी विचारलं, "एखाद्याने सूत्र न वापरता सगळी पदं लिहून काढली आणि उत्तर बरोबर आलं, तर?" साबळे सर थांबले. सगळ्यांकडे बघितलं. "बोला. काय करायचं?"

कुणी बोललं नाही. मला वाटलं, आता आपण बोलावं. कुरवडीचा माणूस काय चीज आहे ते कळू दे यांना.

मी म्हणालो, "सर, उत्तराचा एक द्यावा. सूत्र नाही तर पुढचे दोन कशाचे? ओळीने बेरीज करत जाणं हे तिसरीचं गणित झालं, दहावीचं नाही. अशांना पूर्ण गुण दिले तर सूत्र शिकणाऱ्यावर अन्याय होईल."

"वा," साबळे सर म्हणाले. "नेमकं बोललात. कुठले तुम्ही? कुरवडी ना? लिहा हो हे, देवकर सरांची सूचना."

लिहिणाऱ्याने लिहायला घेतलं, आणि त्या वेळी मला द्वारकाबाई आठवल्या. मला आठवलंच नाही असं म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण आठवल्या. आमच्या पायरीवर बसलेल्या, घामाने कुंकू पसरलेल्या, 'एक बी सोडलं न्हाई' म्हणणाऱ्या. माझा हात वर जायला पाहिजे होता. 'सर, जरा थांबा' एवढे तीनच शब्द होते. पण 'वा' नुकतंच कानावर पडलं होतं. शेजारचा माणूस माझ्याकडे वळून आदराने बघत होता. मला वाटलं, एका बाईचे दोन-चार गुण गेले तर काय, बाकीचं तिचं चांगलं गेलंय, निघेल ती. मी हात टेबलावरच ठेवला. तोवर पुढचा प्रश्न आला.

हे सगळं ते पान हातात धरून मला एका दमात आठवलं.

"सर," द्वारकाबाई म्हणाल्या, "उत्तर चुकलंय व्हय?"

"नाही. बरोबर आहे."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग?"

"नियम तसा आहे. सूत्र नसेल तर दोन गुण कापायचे."

"तुम्ही तर म्हनला हुता..." त्या मधेच थांबल्या. मला ताप होऊ नये म्हणून थांबल्या. मग म्हणाल्या, "कुनी केला म्हनायचा असला नियम?"

"वरून येतं ते," मी म्हणालो. "वर ठरतं."

पाकिटात फेरतपासणीचा कोरा अर्ज होता. त्यांनी तो काढून माझ्यापुढे सरळ केला. अर्जाच्या खाली एक चौकोन होता. विषयशिक्षकाचा अभिप्राय, किती गुण वाढावेत असं वाटतं, का वाटतं, आणि सही. विषयशिक्षकाची सही नसेल तर अर्ज पुढे जात नव्हता.

"इथं सही पायजे तुमची. खाली लिवलंय बगा."

मी पेन काढलं. काय लिहायचं ते मला माहीत होतं. 'उत्तर बरोबर असून विद्यार्थिनीने वाढ अठरा वेळा का मिळवली याचं कारण स्वतःच्या शब्दांत दिलं आहे. हेच सूत्र आहे. चार गुण वाढावेत.' इतकंच लिहायचं होतं, आणि खाली देवकर अशी सही. तो अर्ज जाणार होता त्याच कचेरीत. टेबलावर साबळे सर. एका हातात हा अर्ज, दुसऱ्या हातात उत्तरसूची. 'देवकर सरांची सूचना.' पुढच्या वर्षी नियामकाच्या यादीत माझं नाव नसतं, आणि चौदाजणांत हसं झालं असतं ते वेगळंच.

चौकोन छोटाच होता. त्यात चार ओळी बसल्या असत्या.

"द्वारकाबाई," मी म्हणालो, "याचा उपयोग होईल असं मला वाटत नाही. तपासणी नियमाप्रमाणेच झाली आहे. उगाच वाट बघत बसाल आणि परत नकार येईल. त्यापेक्षा ऑक्टोबरला बसा. या वेळी मी सूत्र पक्कं करून घेतो."

नलिनीने सुपातून मान वर केली. "अहो, पण अर्ज करायला काय जातंय? लागला तर लागला."

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो.

नलिनी परत दळण निवडायला लागली. द्वारकाबाईंनी अर्जाची घडी घातली, व्यवस्थित, कडेला कड लावून.

"आक्टोबरला जागा कुटं ऱ्हानार हाय, सर," त्या म्हणाल्या. आवाजात रडणं नव्हतं, त्यामुळे मला बसवेना. "तीस तारखंला इंदुताई जानार. एक तारखंला नवी येनार. ऱ्हाऊ द्या. तुम्ही म्हनताय न्हाई तर न्हाई. तुमच्याइतकं कळतंय कुनाला."

त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तरी काढलं आणि नलिनीच्या मांडीवर ठेवलं. पांढऱ्या दोऱ्याचा गोल रुमाल होता. कुठे वाटी नाही, कुठे झालर नाही, पाण्यासारखा सपाट.

"पास झाल्यावर सरांना द्यायचा म्हनून पेपरच्या दिसापास्नं करत हुते. सोळापास्नं सुरवात केलीया, सरांनी घातलं हुतं तसं. एकुनीस फेऱ्या हायेत. आता ठिवून तरी काय करू."

मग त्या उठल्या आणि माझ्या पाया पडायला वाकल्या.

मी पाय मागे घेतले. एकदम, विस्तव लागावा तसे.

"असू द्या वो," त्या म्हणाल्या. "चार म्हैनं फुकट शिकवलंत. कुनी कुनाचं एवढं करत न्हाई."

मी पाय मागेच धरून उभा होतो. त्यांना वाटलं, सरांचा स्वभावच तसा, नमस्कार करून घेत नाहीत. गावातही त्यांनी पुढे तसंच सांगितलं असणार, कारण नंतर लोक माझ्या पाया पडायला यायचे आणि आधीच म्हणायचे, "माहीत आहे सर, तुम्हाला आवडत नाही."

एक जुलैला प्रणिता नावाची बावीस वर्षांची मुलगी सेविका म्हणून आली. चांगली होती, वाईट काही म्हणता येणार नाही. तिला गाणी येत नव्हती. पहिलं वर्षभर चुलीपाशी बसून द्वारकाबाई तिला ओळी सांगायच्या आणि ती मुलांपुढे बसून म्हणायची. ऑक्टोबरला द्वारकाबाई बसल्या नाहीत. मी एकदा निरोप धाडला होता, पण त्यांनी हसून तो परत पाठवला. मग मीही विषय काढला नाही. पुढं तीन वर्षं माझं नाव नियामकांच्या यादीत होतं.

नलिनीला मी हे सांगितलं नाही. तिला कळलं असेल असं कधीकधी वाटतं. त्या दिवसानंतर तिने क्रोशाची सुई हातात घेतली नाही, आणि मी का म्हणून विचारलं नाही.

या वर्षी चैत्रात द्वारकाबाई गेल्या. शेवटपर्यंत मदतनीस होत्या. मुलांची भांडी घासून घरी आल्या, पडल्या, त्या उठल्या नाहीत. त्यांच्या दहाव्याला जाऊन आलो. अंगणवाडीची मुलं रांगेने उभी केली होती आणि प्रणिता त्यांच्याकडून चिमणीचं गाणं म्हणवून घेत होती.

घरी आल्यावर मी टीव्हीवरचा रुमाल काढला. सोळा वर्षांत पिवळा पडलाय, पण अजून सपाट आहे. ओसरीवर बसलो, मांडीवर ठेवला आणि शेवटच्या फेरीचे खांब मोजायला लागलो. सोळा, अधिक अठरा गुणिले बारा, हे मला न मोजता येतं. तरी मी बोट ठेवून एकेक मोजला. मधे दोनदा चुकलो, परत पहिल्यापासून सुरुवात केली. नलिनी दारात उभी राहून बघत होती.

दोनशे बत्तीस भरले. एकही सुटलेला नव्हता.